पूर्वाश्रम आणि शेजार

१

मराठीत ‘पूर्वाश्रम’ हा शब्द आज प्रामुख्याने दोन संदर्भांत वापरला जातो. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीचा परिचय ‘पूर्वाश्रमीच्या अमुक’ असा करून दिला जातो, आणि संन्याशाच्या चरित्रात त्याच्या गृहस्थपणीच्या नावागावाची नोंद याच शब्दाने होते. दोन्ही प्रसंगी एक स्थलांतर गृहीत धरलेले असते. नवरी सासरी जाते. संन्यासी गाव सोडतो, आणि एका जागी फार काळ राहू नये असा त्याला दंडक असतो. पूर्वायुष्य ज्यांनी पाहिले ते मागे राहतात आणि नवे आयुष्य ज्यांनी काहीच पाहिलेले नाही अशांच्या समोर सुरू होते. पूर्वाश्रम ‘पूर्व’ ठरतो तो काळामुळे जितका, तितकाच या अंतरामुळे.

जो माणूस बदलतो पण गाव सोडत नाही, त्याच्यासाठी मराठीने वेगळी संज्ञा घडवलेली नाही. त्याची कथा मात्र मराठी वाङ्मयपरंपरेच्या उगमापाशीच आढळते. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेवरून ते गृहस्थाश्रमात परतले, आणि आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांना मुलाबाळांसह वाळीत टाकले, असे परंपरा सांगते. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचा अपराध काय असेल तो असो; व्यवहारातील अडचण अशी होती की ज्यांच्यासमोर त्यांना नव्याने जगायचे होते त्यांना सारे ठाऊक होते. दूरच्या एखाद्या गावात तेच कुटुंब कदाचित सुखाने नांदले असते.

धर्मांतर करून आपल्याच गावात, आपल्याच भाषेत राहिलेल्या ख्रिस्ती माणसाची स्थिती याच जातीची आहे. ख्रिस्ती परिभाषेत श्रद्धेच्या प्रकट उच्चाराला ‘साक्ष देणे’ म्हणतात. हा शब्द न्यायालयातला आहे, आणि न्यायालयात साक्षीदार पाहिलेल्या गोष्टी सांगतो. धर्मांतरित मनुष्य जी साक्ष देतो ती मात्र दुसऱ्या कोणीही न पाहिलेल्या, अंतःकरणात घडलेल्या गोष्टीची असते. उलट त्याच्या पूर्वायुष्याचे साक्षीदार गावभर असतात. त्याने कोणाचे पैसे बुडवले, तो कोणाशी कसा वागला, त्याची आई कोणत्या देवाला नवस बोलली होती, त्याचे घर कोणत्या आळीत होते, हे सारे त्यांना माहीत असते. आतल्या एका साक्षीविरुद्ध बाहेरच्या अनेक साक्षी, असा हा खटला असतो.

मार्काच्या शुभवर्तमानाला या पेचाची नेमकी जाण आहे. त्याच्या पाचव्या अध्यायात थडग्यांमध्ये राहणारा, साऱ्या मुलखाला वेडा म्हणून ठाऊक असलेला एक माणूस बरा होतो आणि येशूबरोबर मचव्यातून जाऊ देण्याची विनंती करतो. ती नाकारली जाते. त्याला स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांकडे परत पाठवले जाते. लगेच पुढच्या, सहाव्या अध्यायात येशू स्वतः आपल्या गावी जातो, आणि तिथे लोक त्याच्या उपदेशापेक्षा त्याच्या सुतारकीची, त्याच्या आईची व भावंडांची चर्चा करतात. ज्या परीक्षेला त्याने दुसऱ्याला पाठवले, तिच्यात त्याच्या स्वतःच्या वाट्यालाही अविश्वासच आला. हे दोन प्रसंग लागोपाठच्या अध्यायांत येतात याकडे वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. पण त्यांच्या सान्निध्यातून एक कठोर विधान निष्पन्न होते. श्रद्धेची जागा ओळखीच्या माणसांत आहे, आणि ओळखीची माणसे तिचे सर्वांत अवघड श्रोते आहेत.

२

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शेजाऱ्याच्या साक्षीला स्वतःचा असा इतिहास आहे. अलिबागजवळच्या नवगावला आपल्या पूर्वजांचे जहाज फुटून ते किनाऱ्याला लागले, असे बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. या समाजातील पुष्कळांनी तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करला. ग्रंथ जवळ नव्हते, हिब्रू भाषा विस्मरणात गेली होती, बोलण्यात मराठीच होती. पण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून आसपासच्या लोकांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. या नावाची घटना लक्षणीय आहे. त्यातील उत्तरपद व्यवसायावरून जात ठरवते, पूर्वपद श्रद्धेची नोंद करते, आणि दोन्ही पदे शेजाऱ्याने दिलेली आहेत. शेजाऱ्याला त्यांचे सिद्धांत ठाऊक नव्हते, ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. आठवड्यातून एक दिवस घाणा फिरत नाही एवढे त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनी या लोकांत मराठी शाळा चालवल्या आणि जुना करार मराठीतून त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो आस्थेने वाचला, त्यातून स्वतःच्या परंपरेची नव्याने ओळख करून घेतली, आणि काही अपवाद वगळता ते यहुदीच राहिले.

याच किनाऱ्यावर, कुंडलिका नदीच्या मुखाशी, एका तीरावर रेवदंडा व दुसऱ्या तीरावर कोर्लई आहे. रेवदंड्याची पोर्तुगीज वसाहत प्राचीन चौल बंदराच्या सान्निध्यात, सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात उभी राहिली. समोरचा कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. या वसाहतीच्या आश्रयाने जो ख्रिस्ती समाज घडला त्यात पोर्तुगीज शिपायांशी संबंध आलेल्या कुटुंबांबरोबरच खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील स्थानिक लोकांचा भरणा होता. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा अधिकार उत्तरेकडील या ठाण्यांपर्यंत पोचत असे. एकदा ख्रिस्ती झालेल्या माणसाने जुन्या आचारांकडे वळणे हा त्या राज्यात दंडनीय अपराध होता. अशा काळातील श्रद्धेविषयी काहीही निश्चयाने बोलता येत नाही. जे सोडण्याची मुभाच नाही ते धरून ठेवल्याचे श्रेय कोणाला द्यायचे?

१७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि १७४० मध्ये तहान्वये चौल व कोर्लई त्यांच्या ताब्यात आले. पोर्तुगीज सत्ता निघून गेली. कोर्लईचे ख्रिस्ती राहिले. त्यांच्या इतिहासातील हे वर्ष बहुधा किल्ल्याच्या इतिहासाचा भाग म्हणून सांगितले जाते. धर्माच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा आहे. त्या वर्षापर्यंत ख्रिस्ती असणे म्हणजे राज्यकर्त्याच्या धर्मात असणे होते. त्या वर्षानंतर ते एका पराभूत, परतलेल्या सत्तेचे मागे उरलेले चिन्ह झाले, आणि ते चिन्ह अंगावर वागवत ज्यांच्यात राहायचे त्या लोकांना या घराण्यांचा पूर्वेतिहास चांगला ठाऊक होता. कोण कोणाचे, कोणत्या कारणाने, कोणाच्या दडपणाखाली बाटले, याची स्मृती कोकणातील गावांत सहजासहजी पुसली जात नाही. ‘बाटणे’ हे क्रियापदच त्या स्मृतीचे आहे. धर्मांतर करणारा ते स्वतःविषयी वापरत नाही.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. सत्ता गेल्यावरही हा समाज ख्रिस्ती राहिला, म्हणजे त्याची श्रद्धा खरी होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह सहज होतो. परंतु परतीचे दार उघडे होते काय, हा प्रश्न त्याआधी विचारावा लागतो. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्रीचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाने आपली प्रतिष्ठा पणाला लावली, तरी सनातन्यांचा विरोध तीव्र होता. मुंबईतील एका ब्राह्मण मुलाच्या परतीला एवढे कष्ट पडत असतील, तर शंभर वर्षे आधी कोर्लईतील एखाद्या नावाडी-मजुराला कोण आणि कशासाठी परत घेणार होते? म्हणून कोर्लईच्या राहण्यात निष्ठा किती आणि निरुपाय किती, हे वेगळे करता येत नाही. कदाचित शेजारपणात घडलेल्या कोणत्याही श्रद्धेविषयी ते वेगळे करता येत नसावे. माणूस ज्या दाराशी उभा असतो ते त्याने निवडलेले असते आणि त्याच्या पाठीमागचे दार इतरांनी लावून घेतलेले असते; दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

३

कोर्लईच्या समाजाने आत्मचरित्र लिहिले नाही. मराठी वाङ्मयात धर्मांतराची जी कथने आहेत ती लिहित्या समाजांतून आलेली आहेत, आणि त्यांच्या वाचनाची एक रूढ पद्धत पडून गेली आहे. समीक्षेचे लक्ष बाप्तिस्म्याच्या क्षणाकडे असते. त्या क्षणापर्यंत पोचवणारी कारणपरंपरा म्हणजे शाळा, पुस्तके, वाद, शंका आणि आप्तांचा विरोध ही आशयसूत्रे म्हणून तपासली जातात. क्षण उलटल्यावरचा काळ उपसंहारासारखा वाचला जातो. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्राचे शीर्षकच या वाचनाला पोषक आहे, कारण अरुणोदय हा आरंभ असतो. दिवस कसा गेला हे त्याच्या कक्षेत येत नाही. तरीही या ग्रंथाच्या मुळाशी एक गोष्ट आहे जिच्याकडे पुरेसे पाहिले गेलेले नाही. मुंबईत शिकलेल्या, परमहंस सभेच्या वर्तुळात वावरलेल्या या तरुणाचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये बेळगावात, म्हणजे त्याच्या जन्मगावी झाला. मुंबईच्या गर्दीत जो निर्णय खाजगी राहू शकला असता, तो वडिलांच्या, ज्ञातीच्या व बालपणीच्या सोबत्यांच्या डोळ्यांदेखत घेतला गेला. ग्रंथ लिहिला गेला तो तीसहून अधिक वर्षांनी. तोपर्यंत निवेदक जे सांगत होता ते त्याच्या आचरणाशी ताडून पाहण्याची संधी ओळखीच्या साऱ्यांना मिळालेली होती. आत्मचरित्राच्या प्रामाण्याचा विचार करताना हा विलंब विचारात घ्यायला हवा.

याउलट १८५७ च्या आरंभीच्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जे जाहीर वाद झाले, त्यांत प्रश्न सिद्धांतांचा होता. विष्णुबुवा मूळचे याच रायगड जिल्ह्यातील शिरवलीचे. दोन्ही पक्षांनी अवतार, पाप, मोक्ष, शास्त्रप्रामाण्य यांवर बुद्धिवैभव खर्च केले. परंतु भरतीओहोटीगत येणाऱ्या-जाणाऱ्या श्रोत्यांपुढे एखाद्याचे रोजचे वागणे पुरावा म्हणून मांडण्याची सोय नव्हती. वाद ही अपरिचितांमध्ये शोभणारी गोष्ट आहे. शेजारी वाद घालत नाही, तो पाहत राहतो.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे पाहत राहणे एका सार्वजनिक संघर्षाच्या रूपाने प्रकट झाले. १८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या तेव्हा पुराणे मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी गौरवलेली विदुषी म्हणून सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज त्याच वर्षी स्थापन झाला. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या तिकडेच राहिल्या असत्या तर हा बदल त्यांच्या चरित्रातील एक घटना होऊन राहिला असता. त्या परत आल्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले आणि दुसऱ्याच वर्षी ते पुण्यात, म्हणजे ज्यांनी त्यांचे पूर्वरूप पाहिले आणि पूजिले होते त्यांच्या मध्यभागी आले. येथे पूर्वायुष्यात लपवण्याजोगे काहीच नव्हते. ते वैभवाचेच होते, आणि म्हणूनच ते त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. वसतिगृहातील मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसह सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले. रमाबाईंची बाजू अशी होती की त्या कोणाला बोलावत नाहीत, पण स्वतः प्रार्थना करताना खोलीचे दारही लावून घेणार नाहीत. सदनाच्या धार्मिक तटस्थतेच्या हमीचे काय, हा पालकांचा प्रश्न रास्त होता, आणि तो आजही रास्त वाटतो. पण दाराविषयीच्या त्या आग्रहात श्रद्धेच्या स्वरूपाविषयीही एक भूमिका आहे. दार लावले असते तर पुण्याने बहुधा त्यांची श्रद्धा सहन केली असती. त्यांना ती सहन केली जाण्यापेक्षा दिसणे अगत्याचे वाटले.

४

ओळखीच्या माणसांसमोर बदलणे ही गोष्ट मराठीत सर्वांत सखोलपणे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आली आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या परिवर्तनाला एक नाट्यपूर्ण आरंभ आहे: १८९३ मधील आगगाडीचा प्रवास, डब्यातील अनोळखी सहप्रवासी, त्याने हाती दिलेला नवा करार. अनोळखी माणूस, चालती गाडी. या प्रसंगात शेजार नावालाही नाही. लक्ष्मीबाईंच्या परिवर्तनाला असा प्रसंग नाही. त्या पाच वर्षांनी, १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या, आणि त्यांच्या कथनात ती पाच वर्षे माहेरची माणसे, पाण्याचे भांडे, वेगळी चूल, मुलाचे आजारपण, नवऱ्याशी रुसवेफुगवे यांनी भरलेली आहेत. सोवळ्याओवळ्याच्या वेडाने घेरलेल्या बापाच्या घरापासून हे कथन सुरू होते, ही गोष्ट पुढच्या साऱ्या भागाला अर्थ देते. धान्य, मीठ, साखर यांनाही पाणी दाखवणाऱ्या घरात वाढलेल्या बाईने पुढे कोणाच्याही हातचे पाणी प्यावे, हा बदल तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगता आला असता. लक्ष्मीबाईंनी तो भांड्याकुंड्यांच्या भाषेत सांगितला, कारण माहेरच्या माणसांना त्याच भाषेत तो पटणार किंवा खुपणार होता.

‘स्मृतिचित्रे’च्या शैलीविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. तिची सहजता, विनोद, बोलीचा जिवंतपणा, अलिप्तता हे गुण वारंवार नोंदवले गेले. हे गुण लेखिकेच्या स्वभावातून आले असे सामान्यतः मानले जाते. ते काही अंशी श्रोत्याच्या स्वरूपातूनही आले असावेत. या कथनाचा अंतर्हित श्रोता सारे जाणणारा आहे. त्याच्यापुढे पूर्वायुष्य काळेकुट्ट रंगवता येत नाही, कारण त्याने ते पाहिलेले आहे आणि त्यातली माया त्यालाही आठवते. नवे आयुष्य उजळून सांगता येत नाही, कारण तेही तो शेजारून पाहतो आहे. मिशनच्या अहवालांसाठी लिहिलेल्या धर्मांतरकथांत अंधार आणि प्रकाश यांची जी काटेकोर वाटणी असते ती दूरच्या वाचकाला उद्देशून केलेली असते. जवळचा वाचक ती वाटणी उधळून लावतो. लक्ष्मीबाईंच्या विनोदाचा उगम येथे शोधता येतो. स्वतःच्या जुन्या समजुतींना त्या हसतात, पण ज्या माणसांकडून त्या समजुती मिळाल्या त्यांना कमी लेखत नाहीत; आणि ख्रिस्ती झाल्यानंतरच्या स्वतःच्या फजितीही त्या तितक्याच मोकळेपणाने सांगतात. पूर्वाश्रम आणि उत्तराश्रम यांत एकच बाई बोलत राहते. शेजाऱ्याला पटेल असा एवढाच एक पुरावा असू शकतो.

टिळकांच्या उत्तरकालीन काव्याचा विचारही याच दिशेने करता येईल. अभंगाचा छंद, कीर्तनाचा बाज, वारकरी भक्तीचा शब्दसंभार यांना ‘भारतीयीकरण’ म्हणण्याची प्रथा आहे. या संज्ञेत एक योजना, एक धोरण सूचित होते. फादर स्टीफन्सच्या १६१६ मधील ‘क्रिस्तपुराणा’पासून या प्रश्नाकडे पाहिले तर चित्र बदलते. साष्टीच्या नवख्रिस्ती श्रोत्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी काहीतरी हवे होते. स्टीफन्सने तीच गरज आपल्या ग्रंथाचे निमित्त म्हणून मांडली आणि ओवी स्वीकारली. जुन्या छंदाच्या कानाला नवा आशय ऐकवणे ही एक प्रकारे जुन्या माणसांपुढे नव्याने उभे राहण्याचीच रीत होती. १९०९ मध्ये टिळकांनी आरंभलेले आणि त्यांच्या १९१९ मधील निधनानंतर लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’ याच रीतीत बसते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ काढला तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यांनी त्यात स्थान देऊ केले, हेही याच संदर्भात पाहता येते.

५

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे आणि तिचा उच्चार केल्याशिवाय विषय पुरा होत नाही. ज्यांच्या धर्मांतराची कथा मराठीत लिहिली गेली त्यांना सांगण्याजोगा पूर्वाश्रम होता. टिळक आणि रमाबाई यांचे ब्राह्मण्य त्यांनी टाकले तरी ते त्यांच्या नावामागे उभे राहिले. त्याग मोठा ठरतो तो टाकलेल्या वस्तूच्या किमतीवरून. चर्चनेही या किमतीचा उच्चार वारंवार केला. ज्याच्यापाशी टाकण्यासाठी प्रतिष्ठा नव्हती त्याच्या धर्मांतराला मात्र तांदळाचा, नोकरीचा, दुष्काळातील अन्नाचा हेतू चिकटवला गेला, आणि हे काम चर्चबाहेरच्यांनी जसे केले तसे आतल्यांनीही केले. अहमदनगरच्या मंडळीत बहुसंख्य माणसे महार-मांग समाजांतून आलेली होती. लक्ष्मीबाई ज्यांच्या हातचे पाणी घेण्यापर्यंत पाच वर्षांनी पोचल्या, त्या माणसांना पाणी देणारे म्हणून त्यांच्या कथेत स्थान आहे. त्यांच्या स्वतःच्या बदलाची कथा बहुतांशी अलिखित राहिली.

‘पूर्वायुष्य ठाऊक असलेली माणसे’ हा शब्दप्रयोग म्हणूनच सर्वांसाठी सारख्या अर्थाचा नाही. उपदेशकाच्या मनात पूर्वायुष्य म्हणजे पाप असते आणि पापाची क्षमा होते. गावाच्या मनात पूर्वायुष्य म्हणजे पुष्कळदा जात असते, आणि तिला क्षमेची तरतूद नाही, कारण तो अपराधच नव्हे. दारू सोडलेला माणूस दहा वर्षे शुद्धीत राहिला की शेजारी मान डोलावतो. जात सोडलेला माणूस तीन पिढ्यांनीही ‘मूळचा कोण’ याच प्रश्नाला तोंड देतो. राज्यसंस्थेने या स्मृतीत स्वतःची भर घातली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती त्या दुरुस्त्यांत आले नाहीत. दलित ख्रिस्ती माणसाला आदेश सांगतो की त्याचा पूर्वाश्रम संपला आहे, आणि गाव त्याला सांगत राहते की तो संपलेला नाही. या दोन विधानांच्या मध्ये उभे राहून जी साक्ष द्यावी लागते तिची मराठी समीक्षेने अद्याप पुरती दखल घेतलेली नाही, कारण तिला हवे तसे आत्मचरित्र तिथे सापडत नाही.

आत्मचरित्र नसले तरी संहिता असते. कोर्लईत ती भाषेच्या रूपाने शिल्लक आहे. येथील ख्रिस्ती घरांत बोलली जाणारी पोर्तुगीज-मिश्र बोली हजाराच्या आसपास माणसांची आहे, जे. क्लॅन्सी क्लेमंट्स यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिच्या घडणीचा सविस्तर अभ्यास केला आहे. सभोवारच्या हिंदू-मुसलमान वस्तीपासून धर्माने आणि जातीने राहिलेले अंतर हे ती टिकण्याचे एक मुख्य कारण त्यांनी दिले आहे. याचा अर्थ असा की गावाने या लोकांचा पूर्वाश्रम विसरण्याचे नाकारले, आणि त्या नकारानेच त्यांची बोली जपली गेली. तिचा शब्दसंग्रह मोठ्या प्रमाणावर पोर्तुगीज आहे. सत्ता गेली तेव्हापासून मात्र मराठीचा शेजार अखंड आहे, आणि त्या शेजाराने बोलीच्या वाक्यरचनेत खोलवर प्रवेश केला आहे. पोर्तुगीजपेक्षा वेगळ्या, मराठीच्या रीतीने तिच्यात क्रियापद वाक्याच्या अखेरीस जाते. मुले मराठी शाळेत शिकतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषांत आली तेव्हा येथील मिस्साही मराठीत आला.

शेजाऱ्यांशी या लोकांचे जेवणखाण किती झाले, लग्ने का झाली नाहीत, कोणत्या सणाला कोण कोणाच्या दारी गेले, हे लिहून ठेवलेले नाही. परंतु ज्यांच्यापासून अंतर राखले गेले त्यांचीच वाक्याची ठेवण या लोकांच्या घरगुती बोलीत, आईने लेकराला हाक मारण्यापर्यंत, उतरलेली आहे. तो बदल कोणी ठरवून केला नाही आणि कोणत्याही एका दिवशी तो झाला नाही. धर्मांतराच्या मराठी कथनांचा विचार बाप्तिस्म्याच्या तारखेपाशी थांबवायचा नसेल, तर अशा अतारखी नोंदी वाचण्याची सवय समीक्षेला लावून घ्यावी लागेल. बेने इस्रायलांचा बंद घाणा, पुण्यातले उघडे दार, लक्ष्मीबाईंचे पाण्याचे भांडे आणि कोर्लईच्या वाक्याचे क्रियापद या सर्व नोंदी शेजाऱ्याच्या दृष्टिक्षेपात घडलेल्या आहेत. त्याची संमती त्यांना मिळालीच असे नाही. पण त्याच्यावाचून त्या घडल्याही नसत्या.